मालतीबाईंचे रक्तदाते

मालतीबाई सावंत व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजी निरोप पाठवण्याआधी इस्त्रीची साडी नेसतात, वेणी घालतात आणि उभं राहून बोलतात. मोबाइलमध्ये कोण बघतंय, असं मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "आवाज मरगळलेला आला की समोरच्याला कळतं, बाई गाऊनमध्ये आहे."

अंबरनाथ पश्चिमेला आमच्याच इमारतीत, माझ्या वरच्या मजल्यावर त्या एकट्या राहतात. टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त झाल्या आणि थॅलेसेमियाच्या मुलांसाठी रक्तदाते जमवणाऱ्या एका छोट्या संस्थेत शिरल्या. जाताना मलाही ओढलं. या मुलांना दर काही आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, त्याला सुट्टी नसते. सगळ्या दात्यांना एकच निरोप पाठवा म्हटलं की बाईंचं ठरलेलं उत्तर येतं, "जुडी बांधायला ती काय कोथिंबीर आहे?" जवळच्या सिंधी वस्तीतल्या, कॅम्प दोनच्या कापडवाल्या सेठला त्या सिंधीत 'अदा' म्हणजे भाऊ म्हणतात. सोनिवलीच्या शेतकऱ्याला आधी म्हशीचं विचारतात, मग रक्ताचं.

मे महिन्यात अध्यक्षांनी नवी यंत्रणा आणली. एक बटण दाबलं की सर्वांना निरोप : 'आदरणीय रक्तदाते, आपल्या अमूल्य सहकार्याची नम्र अपेक्षा.' रक्तदान शिबिराच्या दिवशी दहा वाजले तरी खाटा रिकाम्या. निम्मे दाते गावी गेलेले आणि उरलेल्यांना तो निरोप कर्जाची जाहिरात वाटलेला. अध्यक्ष वेळ घालवायला दोनदा स्वतःचं वजन करून आले. पुढच्याच आठवड्यात सहा मुलांची पाळी होती आणि रक्तपेढीत त्यांच्यासाठी काही शिल्लक नव्हतं.

बाईंनी पदर खोचला, शिबिराच्या हॉलबाहेर जिन्यात जाऊन उभ्या राहिल्या आणि एकेका दात्याशी फोनवर बोलायला लागल्या. मी शेजारी यादी धरून उभा. बारा वाजता त्या जिन्यात चपला काढायला जागा नव्हती. सहाही मुलांची सोय झाली.

गंमत म्हणजे, आलेल्यांपैकी बहुतेकांनी बाईंना कधी पाहिलंच नव्हतं. त्या बिस्किटं वाटत फिरत होत्या आणि लोक त्यांच्याकडे न बघता पुडा घेत होते. फक्त कापडवाल्या सेठनं खाटेवरून आवाज ओळखला.

"मालती बहन? सबका हाल पूछती हो. आपका कौन पूछता है?"

बाईंनी सेठच्या हातात आणखी एक पुडा ठेवला आणि पुढच्या खाटेकडे वळल्या. मला मात्र भयंकर लाज वाटली. अकरा वर्षं त्यांच्या खाली राहतो, पण कामाशिवाय कधी जिना चढलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी चढलो. कोणाला रक्त लागतंय, असं त्यांनी दारातच विचारलं.

"कुणाला नाही. चहाला आलोय," मी म्हटलं. "तुम्ही कशा आहात?"

आधी त्यांनी सेठच्या गुडघ्यांची खबर दिली, मग सोनिवलीच्या म्हशीची, मग अध्यक्षांच्या वजनाची. स्वतःवर यायला त्यांना पाऊण तास लागला. तोवर माझा चहा पार निवला होता, पण मी हललो नाही.