नियम घाटाचा असतो

इब्राहिमचाचांना कुणी काही फुकट देऊ केलं की ते आधी त्याच्या पायांकडे बघतात. पळायच्या बेतात आहे का, ते पायावरून कळतं म्हणे. व्हिडिओ गेममधल्या माणसांचेसुद्धा ते पायच बघायचे.

चाचा महाडात आमच्या शेजारी एकटेच राहतात. आयुष्यभर ट्रक चालवला, कंबर गेली तसा विकला. दुबईचा मुलगा सुट्टीवर येताना टीव्हीला जोडायचा गेम घेऊन आला आणि जाताना इथेच ठेवून गेला. त्यात आपण योद्धा व्हायचं, गावोगाव माणसांशी बोलायचं, साथीदार जमवून राक्षस मारायचे. बोलणं सगळं इंग्रजीत, पडद्यावर लिहून येणारं. मी इंग्रजी शाळेतली, म्हणून मला बोलावणं आलं. मला तिथे बरं वाटायचं. त्या गावांत आपण तोंड उघडलं नाही तरी समोरचा बोलत राहतो.

"काय म्हणतो हा?"

"तलवार घ्या म्हणतोय. भेट."

"वळख नाय, पाळख नाय, भेट कसली? चोरीची असंल. नको सांग."

पुन्हा त्याच्यासमोर गेलो, तर तो तेच वाक्य बोलला. "बघ! पढवलेला साक्षीदार हाय." या खेळात प्रत्येकाला एकच वाक्य दिलेलं असतं, असं मी म्हटलं, तर माझ्याकडेच रोखून बघत म्हणाले, "तू त्यांची वकील हायस काय गो?"

अडलं ते खिंडीशी. साथीदाराशिवाय ती पार होईना. खिंडीच्या तोंडाशी एक वैद्य मुलगी सोबत येऊ का विचारायची. चाचा तिला नकार देऊन एकटे जात आणि मरत.

"घाटात अनोळखी माणूस घ्यायचा नाय. कशेडी असो, आंबेनळी असो."

"पण चाचा, इथे गाडी कुठेय?"

"नियम गाडीचा नसतो, घाटाचा असतो."

पण अर्ध्या घाटात अडकून पडणंही ट्रकवाल्याला सोसेना. शेवटी एकदाचे म्हणाले, "घे तिला. मागं राहा म्हणावं."

मग मिळेल ते चिलखत तिला. स्वतः फाटक्या अंगरख्यात. मार खायला हे पुढे, ती मागे. यात चाचांचा काही डाव असणार, असं आता मलाही वाटू लागलं.

खिंड पार झाली. पलीकडच्या नदीवर मुलगी थांबली. गेम बनवणाऱ्यांनी हे आधीच ठरवलेलं असतं. तुम्ही कितीही जपा, त्या ठिकाणी माणूस सोडून जातो.

"काय म्हणते?"

"तिचं गाव आलं. निघते म्हणते."

"अशी कशी? जेवून जा म्हणावं."

"तसं बोलता येत नाही, चाचा. फक्त बटण दाबायचं. दाबलं की ती जाते."

"आणि नाय दाबलं?"

"उभी राहते."

चाचांनी हातातला रिमोट अलगद टीपॉयवर ठेवला, धक्कासुद्धा लागणार नाही असा.

"तिच्या घरचे वाट बघत असतील," मी म्हटलं.

"बघू दे थोडी. सवय होते," चाचा म्हणाले आणि चहा टाकायला आत गेले.