सावेकाकांचं नरसाळं

सावेकाकांना लग्नाला बोलावलं की बुंदी पाडणाऱ्या आचाऱ्याच्या पोटात गोळा येतो. काका पानावर बसतात, लाडू हलकेच फोडतात, कळ्या बोटाने पसरतात आणि शेपूट फुटलेल्या कळ्या पानाच्या कडेला ओळीने मांडतात. मग आचाऱ्याला बोलावून झारा किती उंच धरला होता, तेल किती तापलं होतं, याची चौकशी करतात. एडवणच्या एका लग्नात नवऱ्या मुलाच्या मामाला वाटलं, मुलीकडचा माणूस मुद्दाम खोड काढतोय. तंटा मिटवायला पंगत संपेपर्यंत वेळ लागला. काकांना त्याचं काहीच नव्हतं. तोवर त्यांनी त्या वाकड्या कळ्या खाऊनही टाकल्या होत्या.

माणसाचा धंदाच तसा, त्याला तो तरी काय करणार? बोईसरला, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना आहे आणि तिथे सावेकाका धातूच्या पावडरचे दाणे गोल करतात. हल्ली काही नाजूक भाग कापून किंवा ओतून न करता छापतात. पावडरचा पातळ थर पसरायचा, हवा तेवढाच लेझरने वितळवायचा, त्यावर दुसरा थर. त्यासाठी पावडर कोरड्या रांगोळीसारखी सुटी वाहायला लागते. आमच्याकडे येणारी टंगस्टनची पावडर मात्र सूक्ष्मदर्शकाखाली रस्त्यावरच्या खडीसारखी दिसते, सगळी कोपरेच कोपरे. असले दाणे एकमेकांत अडकून बसतात.

काकांच्या मशीनमध्ये उभ्या नळीत प्लाझ्माची ज्वाळा असते. वरून दाणे सोडायचे. ज्वाळेतून पडता पडता दाणा वितळतो, पाण्याच्या थेंबासारखा आपोआप गोल होतो आणि तळाला पोचेपर्यंत थिजतो. सांगायला सोपं आहे, पण टंगस्टन हा महा हट्टी धातू. "लोखंडाचं जिथं पाणी होतं ना, तिथं हा नुसती कूस बदलतो," असं काका म्हणतात. पावडर जरा जोरात सोडली की दाणे अर्धेकच्चे राहतात. मोठ्या दाण्याला छोटा चिकटला, तर त्याला काका 'लेकुरवाळी' म्हणतात. आमच्या अहवालातसुद्धा मी एकदा चुकून 'लेकुरवाळ्या तीन टक्के' असं लिहिलं होतं आणि ते तसंच बाहेर गेलं.

पालघरला आयटीआय केलेला हा माणूस. पण मोठमोठ्या पदव्यांचे साहेब येऊन त्यांच्यासमोर वही उघडून बसतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. सकाळी आल्यावर काका आधी मशीनच्या नळीवर हात ठेवतात, मग हजेरी लावतात. यंत्रावर काम करणारे बिहारचे दोघे त्यांना 'गोलू चाचा' म्हणतात. तेही काकांना ठाऊक आहे आणि त्यांना ते आवडतं, असा माझा संशय आहे.

मी माकुणसारची. रसायनशास्त्राची पदवी घेऊन कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागले तेव्हा पहिले सहा महिने कच्ची नोकरी होती. पहिल्याच दिवशी काकांनी मला पितळेचं एक नरसाळं दाखवलं. तळहाताएवढं, खाली बारीकसं भोक. भोकावर कोरडं बोट धरायचं, पन्नास ग्रॅम पावडर ओतायची, बोट काढायचं आणि किती सेकंदात रिकामं होतं ते मोजायचं. पावडरची सगळी परीक्षा त्या भोकात. काकांचा त्याबाबत एकच कायदा होता: जेवलेला हात नरसाळ्याला लागता कामा नये. दुपारनंतर ती चाचणी करायची असेल तर बोट साबणाने दोनदा धुवून, स्पिरिटने पुसून काकांना दाखवायचं. मला तो निव्वळ सोवळेपणा वाटे.

त्या वर्षी एका गिऱ्हाईकाने आमचे दोन लॉट परत पाठवले होते. तिसरा शेवटचा. तो नापास झाला तर शेठ प्लाझ्मा विभाग बंद करणार होते आणि काकांसकट चौघांची रवानगी जुन्या दळण विभागात होणार होती. लॉट तयार झाला त्या दुपारी काका खाली मशीनपाशी होते. वरून शेठचा फोनवर फोन, आकडा द्या. मी नुकतीच जेवून उठले होते आणि नळाला पाणी नव्हतं. मी हात कागदाला पुसले आणि चाचणीला बसले.

पावडर वाहिली नाही. पुन्हा केली, पुन्हा नाही. तिसऱ्यांदा नरसाळ्यावर टिचक्या मारल्या, तरी ढिम्म. मी 'वाहत नाही' असं लिहून वर पाठवलं आणि शेठनी सोमवारपासून मशीन झाकायला सांगितलं.

काका आले. रागावले नाहीत. आधी सूक्ष्मदर्शकात पाहिलं, बराच वेळ पाहिलं आणि पुटपुटले, "गोल हाय." मग नरसाळं उचललं, नाकाशी नेलं आणि डोळे मिटून उभे राहिले. चांगले मिनिटभर. मी हात पाठीमागे लपवले, कारण माझ्या डब्यात सुके बोंबील होते. भोकाला माझ्या बोटाचा ओशटपणा चिकटला होता. काकांनी नरसाळं स्पिरिटने धुतलं, दिव्याखाली सुकवलं, पावडर ओतली, बोट काढलं. पन्नास ग्रॅम टंगस्टन सरसर खाली आलं. एक दाणा मागे राहिला नाही.

नवा आकडा घेऊन आम्ही शेठच्या केबिनमध्ये गेलो. हा प्रताप कोणाचा, असं शेठनी विचारलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात काका म्हणाले, "माझा. बोंबील खाल्ले होते, तसाच हात लावला." सगळ्या कारखान्याला शिकवणारा माणूस मान खाली घालून बोलणी ऐकत उभा राहिला, आणि मी घाबरट, गप्प राहिले. त्याची लाज मला अजून वाटते.

लॉट गेला आणि पास झाला. पुढे गिऱ्हाईकाने आमच्या पावडरपासून छापलेली एक जाळी पाठवली. रुग्णालयातल्या स्कॅनिंग यंत्रात बसते ती, भिंती कागदासारख्या पातळ. काकांनी ती उजेडात धरून आम्हा प्रत्येकाला आरपार बघायला लावलं. "बघा, आपल्या बोईसरची हाय," एवढंच म्हणाले. मशीन चालू राहिलं, चौघे जागेवर राहिले. पण मला त्या आनंदात धड हसता येईना.

त्याच संध्याकाळी बसची वाट बघताना मी त्यांना गाठलं. म्हटलं, काका, तुम्ही तर रोज कॅन्टीनची उसळ खाता. त्या दिवशी बोंबील कुठून आणले?

"तुझी नोकरी कच्ची हाय, बाय. माझी पिकून गळायला आली." मग रस्त्याकडे बघत म्हणाले, "पहिल्या वासातच मला कळलं होतं. नंतर उगाच हुंगत राहिलो. तुझी काकी गेल्याला चार वर्षं झाली. घरात तो वासच नाय. मला भाजता येतात, पण एकट्यासाठी चूल कोण पेटवतो?"

आईला सांगून उद्या जास्तीचा डबा आणते, एवढंच मला सुचलं.

काकांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. कितीतरी वेळ पुसत राहिले.

"आण," ते म्हणाले. "उद्या नरसाळ्याच्या चाचण्या मग सकाळीच उरकून घेऊ."