तूर्तास दोन मीटर दहा

“काठी वाचल्याशिवाय आकडा लिहायचा नाही, बाई. नेम म्हणजे नेम. कुणी बघत नसलं की तो जास्त पाळायचा असतो.”

थोरले सर हे वाक्य वर्षातून एकदा, हिमनदीकडे निघण्याआधी बुटांच्या नाड्या आवळताना म्हणत. शेवटचं म्हणाले तेव्हा पायात बूट नव्हते, अंगाखाली इस्पितळाची खाट होती. “वाचीन, सर,” असा शब्द सूचीताईंनी त्यांचा हात हातात घेऊन दिला होता.

शास्त्रज्ञ जातो, पण शास्त्र थांबत नाही, हे सर्वमान्य सत्य आहे. उलट वाट मोकळी झाल्यासारखं ते धावायला लागतं, असा हिमनदी अध्ययन संस्थेचा अनुभव. सरांनी चौदा वर्षांत या एका हिमनदीवर चार निबंध लिहिले. ते गेल्यानंतरच्या नऊ वर्षांत उरलेले सगळे आले. हिमनदी वर्षाला अकरा मीटर पुढे सरकते. तिच्यावरचे कागद एकापुढे एक मांडले तर ते तिच्या कितीतरी पुढे गेलेले दिसतात, आणि वितळण्याचं तर नावच नाही.

संस्था चौथ्या मजल्यावर आहे. तिथून हिमनदी दिसत नाही, समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते. विषयाचं भान राहावं म्हणून वातानुकूलन यंत्र अठरावर ठेवलेलं असतं आणि सगळे शाली घेऊन बसतात. (शाल घेऊन बसणं हा संस्थेतला एकमेव क्षेत्रीय अनुभव.)

सूचीताईंना हे नाव कामावरून पडलं. कोणता निबंध कुणी लिहिला, त्यात कुणाचा हवाला दिला, याच्या सूच्या करायच्या. सकाळी साडेनऊला टेबल पुसायचं, सरांच्या जुन्या मोजपट्टीला हात लावून नमस्कार करायचा आणि मग संगणक सुरू करायचा, हा त्यांचा नेम. यंदा संचालकांनी त्यांना मोठं काम दिलं: ‘हिमनदीवरील संशोधनाचे विषय आणि प्रकाशनाचे कल’. म्हणजे बर्फाकडे न बघता, बर्फाबद्दल लिहिणाऱ्यांकडे बघायचं. यात पाय घसरत नाहीत.

काम तीन महिन्यांत झालं. संस्थेने छापलेल्या माहितीपत्रकानुसार एकूण निबंध चारशे बारा, आणि प्रत्येक निबंध एकाच खान्यात:

संगणकावरील प्रतिमाने: एकशे एकोणीस.
आढावे: एकशे त्रेचाळीस.
आढाव्यांचे आढावे: सदतीस.
‘अमक्याच्या दिशेने’ अशा शीर्षकाचे: एकसष्ट. (पोचल्याची नोंद नाही.)
वितळण्याच्या वेगातील स्थैर्य, हा उदयोन्मुख विषय: अडतीस.
हिमनदी प्रत्यक्ष पाहिलेल्या लेखकाचे: चार. (चारही सरांचे. त्यातल्या एका वेळी ते तापाने तंबूतच पडून होते, पण तंबू बर्फावर होता.)

दर निबंधामागे लेखकांची संख्या एकावरून चौदावर गेली. दोन लेखक मध्यंतरी वारले, तरी त्यांच्या लेखनात खंड पडलेला नाही. एकाला तर बढती मिळून तो आता पहिला लेखक झाला आहे. सर्वाधिक वापरलेल्या शब्दांचं एक चित्रही ताईंनी काढलं. त्याला ‘शब्दांचा ढग’ म्हणतात. संचालकांना ढग फार आवडला. बर्फाच्या संस्थेत निदान ढग तरी असावा, असं त्यांचं मत पडलं.

पण ताईंचं लक्ष त्या अडतिसांवर खिळलं. ही हिमनदी नऊ वर्षं दरवर्षी बरोबर दोन मीटर दहा सेंटिमीटर वितळते आहे, एक बोट इकडे नाही की तिकडे नाही, असं अडतीस निबंध ठणकावून सांगत होते. तेरांनी त्याचं श्रेय खालच्या खडकाला दिलं होतं, नवांनी वाऱ्याला, आणि बाकीच्यांनी पुढील संशोधनाची गरज व्यक्त केली होती.

ताईंनी हवाल्यांचा माग काढला. अडतिसावा निबंध तिसाव्याकडे बोट दाखवत होता, तिसावा अकराव्याकडे, अकरावा एका आढाव्याकडे, आढावा पहिल्याकडे. आणि पहिला? पहिला संस्थेच्या नऊ वर्षांपूर्वीच्या अहवालाकडे. ताईंनी कपाटातून तो अहवाल काढला. चौतिसाव्या पानावर आकडा होता, आणि खाली बारीक अक्षरात तळटीप: ‘काठी वाचलेली नाही. तूर्तास मागील वर्षीचा आकडा धरला आहे. वाचन होताच बदलावा.’

तळटीप ताईंची स्वतःची होती.

सर गेले त्याच शरदातली गोष्ट. काठी वाचायचा आठवडा आणि अहवाल द्यायचा आठवडा एकच आला. पुढच्या महिन्यात जाऊ, म्हणून त्यांनी तूर्तास लिहिलं. पुढच्या महिन्यात बर्फ पडला, आणि त्यानंतर त्यांना सूचीच्या टेबलावर बसवलं. आता दुसरं कुणी जात असेल, असं त्या धरून चालल्या. दुसऱ्यांनी आकडा उचलला, ‘तूर्तास’ तेवढं तिथेच राहू दिलं.

त्यांनी कागदावर सोपं गणित मांडलं. बर्फात भोक पाडून सरांनी काठी उभी केली होती. बर्फ वितळेल तशी ती उघडी पडते आणि उघडा भाग मोजायचा. काठी सहा मीटरची. वर्षाला दोन मीटर दहा धरलं तरी तिसऱ्या वर्षीच ती आडवी झाली असणार. पुढची सहा वर्षं ती निजून अचूक आकडे देत होती.

ताई संचालकांच्या खोलीत गेल्या.

“या, या! ताई, स्थैर्यावर अडतीस निबंध! हा तर आपला हुकमी विषय झाला की हो.”

“सर, ते स्थैर्य हिमनदीचं नाही. माझं आहे.”

“म्हणजे?”

“आकडा मी लिहिला. काठी न वाचता.”

संचालकांनी शाल सावरली. पाणी प्यायले. मग वडीलकीच्या सुरात म्हणाले, “हे बघा, आपल्या संस्थेतलं दुसरं काहीही इतकं उद्धृत झालेलं नाही. लेक सासरी गेली की तिकडची होते, तसा तो आकडा आता विज्ञानाचा झाला. तुम्ही कशाला जीव जाळता?”

“मी वाचून येते.”

“आणि वेगळा निघाला तर?”

“तर वेगळा लिहीन.”

“चारशे बारा एकीकडे आणि तुम्ही एकट्या एकीकडे. शोभेल का?” त्यांनी पेनाचं टोपण काढलं. “त्यापेक्षा यावरच निबंध लिहा ना! ‘न वाचलेल्या काठीचा शास्त्रीय प्रभाव’. मी दुसरा लेखक होतो.”

ताईंनी प्रवासाचा अर्ज भरला. प्रवासाच्या कारणाला तीन चौकोन होते: परिषद, कार्यशाळा, अन्य. हिमनदी ‘अन्य’मध्ये येते. त्यापुढे ताईंनी ‘बघण्यासाठी’ असं लिहिलं. समितीने अर्ज परत पाठवला: सदर हिमनदी अस्तित्वात असल्याबद्दल किमान पाच अलीकडचे हवाले जोडावेत. (हवाले चारशेच्या वर होते. ताईंनी जोडले नाहीत. त्यातलं खोटं कुठून सुरू झालं हे त्यांना ठाऊक होतं.)

मग त्यांनी हक्काची आठ दिवसांची रजा टाकली. पडदेवाल्याकडून ॲल्युमिनियमच्या तीन नळ्या घेतल्या.

“कुठल्या खिडकीला एवढ्या?” पडदेवाल्याने विचारलं.

“खिडकीला नाही हो. बर्फात रोवायच्यात.”

त्याने शांतपणे टोकांना बसवायची बुचंही दिली. घरी यजमानांनी एवढंच विचारलं, “फ्रीजबाहेरचा बर्फ बघून नऊ वर्षं झाली तुला. चढवेल का?”

“चढेन हळूहळू.”

“मग मोजे दोन जोड घे,” ते म्हणाले, आणि स्वतःचा जाड जोड काढून दिला.

सकाळच्या बसपाशी संस्थेतले नकाशेवाले भेटले. ताईंच्या पिशवीतून डोकावणारी मोजपट्टी बघून त्यांना गलबलून आलं. “ताई, पहिला फोन मला करा हं. आकडा कळला की मी लगेच उद्धृत करतो.”

“तुम्हीही चला ना.”

“मी? अहो, मी त्या हिमनदीतला तज्ज्ञ!”

बस सुटली. ताईंनी नळ्या मांडीवर आडव्या धरल्या आणि सरांचं वाक्य मनात एकदा म्हटलं. मग त्यांना माहितीपत्रकाची आठवण झाली. छापण्याआधीच त्यांनी संचालकांना हळूच सांगितलं होतं, की खान्यांची बेरीज चारशे बारा होत नाही, चारशे दोन होते. संचालक हसून म्हणाले होते, “राहू द्या हो. बेरीज करायला बसतंय कोण?”

(यादी वर आहे. ते तुमच्याबद्दलच बोलत होते.)