मेंदूच्या भिंतीवरचे खैरनार सर

"जेवलात का?" असं आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत खैरनार सर कुणालाच विचारत नाहीत. ते विचारतात, "मेंदूला साखर पोचली का?"

सर मूळचे नामपूरकडचे, शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. लिफ्टमध्ये त्यांच्या तावडीत सापडलात की संपलं. "मेंदूतल्या रक्तवाहिन्यांची भिंत लय कडक! साखर अशीच आत शिरत नाय. भिंतीत वाहक असतात, ते तिला आत नेतात. तिथं इन्सुलिनचा वशिलासुद्धा चालत नाय!" मजला आला तरी एक पाय दारात ठेवून ते लिफ्ट अडवून धरत. "रक्तात साखर वारंवार कमी पडली, की भिंत वाहक वाढवते. मेंदू भागवून घेतो. मग घाम नाय, थरथर नाय. माणसाला साखर उतरल्याचं कळतच नाय, आणि एकदम..." इथं ते थांबायचे. तेवढ्यात आम्ही सटकायचो.

सोसायटीच्या मिसळ पार्टीत मी त्यांची नक्कल केली. हातात पाव नाचवत ओरडलो, "मी साखर, मला आत घ्या!" लोक पोट धरधरून हसले. वळून पाहिलं, तर मागे सर ताट घेऊन उभे. तेही हसले. जरा उशिरा.

पंधरा दिवसांनी सकाळी माझे बाबा इन्सुलिन टोचून पेपर वाचत बसले. पोहे तसेच निवले. एकाएकी ते मला वाट्टेल ते बोलू लागले. मीही आवाज चढवला. आरडाओरडा ऐकून सर उघड्या दारातून आत आले.

"भांडू नका! साखर आणा, साखर!"

त्यांनी बाबांना धरून बसवलं, घोट घोट साखरपाणी पाजलं. पंधरा-वीस मिनिटांनी बाबा म्हणाले, "अरे, सर कधी आले?"

मी सरांसमोर मान खाली घालून बसलो.

"आमची मंडळीही अशीच चिडली होती एका सकाळी," सर हळू आवाजात म्हणाले. "तिलाही डायबेटिस. घाम नव्हता, काही नव्हतं. मी म्हटलं, 'तुझं रोजचंच आहे,' आणि शाळेत निघून गेलो. घरी आलो तोवर उशीर झाला होता." मग ते म्हणाले, "ही भिंत, हे वाहक... सगळं मी नंतर वाचलं."

मला माफी मागायची होती.

सर उठले. "नुसत्या साखरेवर ठेवू नका त्यांना. पोळी-भाजी द्या," म्हणाले आणि चपला घालून निघून गेले.