अकरावीला घरी सोडा

"कितवी तू?" मोठ्या सिस्टरांनी चष्म्यावरून बघत विचारलं.

"अकरावी."

"अकरावी? अकरावीचं उद्या सकाळी ऑपरेशन आहे! तू खाटेवरून उठलीस कशी?"

मुलीने घाईघाईने कॉलेजचं पत्र पुढे केलं. सुट्टीत चाळीस तास समाजसेवा केली की वीस गुण मिळणार होते. रुग्णालय तिने निवडलं, कारण झाडं लावायची यादी आधीच भरली होती. घरी मात्र "मला कुणाच्या तरी उपयोगी पडायचंय" असं ती बोलून बसली होती. ते ऐकून आईने डोळे टिपले आणि बाबांनी चक्क वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. आता माघार घेणं शक्य नव्हतं.

बायकांच्या त्या वॉर्डात कुणाला नावाने हाक मारायची रीतच नव्हती. खाटेचा नंबर हेच नाव. तिसरीला ताप आहे, सातवी रुसलीय, नववीच्या नणंदेला बाहेर काढा, असं सगळं बोलणं. नवख्याला वाटावं, शाळेच्या शिक्षकांच्या खोलीत शिरलो की काय. त्यात सिस्टर या मुलीलाही 'अकरावी' म्हणू लागल्या आणि वॉर्डात दोन अकराव्या झाल्या. एक सोळा वर्षांची, पांढऱ्या एप्रनमधली. दुसरी एकाहत्तर वर्षांची, पित्ताशयातल्या खड्यांसाठी दाखल झालेली, चार दिवस कुशीवर वळायलाही दोन माणसं मागणारी.

नऊ वाजता सिस्टरांनी फर्मान काढलं, "मावशी, अकरावीला दुपारपर्यंत काही खायला द्यायचं नाही. सोनोग्राफी आहे."

वॉर्डातल्या मावशींची नोकरी बावीस वर्षांची. सांगितलेलं काम त्या तंतोतंत करत आणि उलट प्रश्न कधीच विचारत नसत. या दोन गुणांवर त्यांनी तीन मोठ्या सिस्टर निवृत्त केल्या होत्या. चहाची गाडी आली तेव्हा मुलीने हात पुढे केला. मावशींनी कप मागे ओढला.

"तुला नाही."

"का हो मावशी?"

"हुकूम आहे. आणि तो डबा दे इकडे."

डबा कपाटात गेला, कपाटाला कुलूप लागलं. सेवा म्हणतात ती हीच असणार, असं मनाशी म्हणत मुलगी मुकाट्याने चादरींच्या घड्या घालायला बसली. तिच्या वाटचा चहा आणि लोणी लावलेला पाव खाटेवरच्या आजींकडे गेला. आजींनी आणखी एक पाव मागून घेतला.

अकरा वाजता सोनोग्राफीवाल्यांनी आजींना परत पाठवलं. चिठ्ठीवर लिहिलं होतं : 'पोट भरलेले.'

"मावशी! अकरावीला खायला कुणी दिलं?"

"शपथेवर सांगते सिस्टर, अकरावीला मी घोटभर चहासुद्धा दिला नाही. रडकुंडीला आलीय बिचारी!"

आणि हे अक्षरशः खरं होतं.

बाराच्या सुमाराला उपाशी मुलगी चादरींच्या ढिगावरच कलंडली. सिस्टरांनी लांबूनच पाहिलं. त्यांच्या एका हातात फोन होता, दुसऱ्या हातात तिसरीचा ताप.

"अकरावी पांढरीफटक पडलीय, मावशी. तिला घरी सोडा. म्हणावं विश्रांती घे, उद्याचं उद्या बघू."

मावशी तडक अकराव्या खाटेपाशी गेल्या आणि निरोपातला शब्दही इकडचा तिकडे न करता त्यांनी तो पोचवला. आजींनी एकदा मावशींकडे आणि एकदा छताकडे पाहिलं. मग चार मिनिटांत त्यांनी लुगडं बदललं, पांघरुणाची घडी घातली, आठवीला औषध वेळेवर घ्यायला बजावलं आणि कठड्याला हात न लावता दोन मजले उतरून टॅक्सी गाठली.

एक वाजता सिस्टर ओरडल्या, "अकरावी कुठंय?"

"गेली की घरी. तुम्हीच सोडायला सांगितलंत."

"अहो, ही काय इथे उभी आहे!"

"ही नव्हे हो. ती."

सिस्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. चार वाजता सर्जनसाहेबांची फेरी होती. साहेब मोठे कडक, नुसती गादी चुरगळलेली दिसली तरी कारण विचारत. इथे तर गादीवरचं माणूसच नाहीसं झालं होतं.

"हा पत्ता," त्या मुलीला म्हणाल्या. "तुझ्यापायी हा गोंधळ झालाय, आता तूच निस्तर. आजींना घेऊनच ये."

"पण मी काय केलं?"

"अकरावीत गेलीस!"

दार आजींनीच उघडलं. मुलगा-सून कामावर गेलेले. मुलीचा चेहरा बघून त्यांनी आधी तिला ताटावर बसवलं. दोन वाट्या भात पोटात गेल्यावर मुलीला आपण कशासाठी आलोय ते आठवलं.

"आजी, चला ना. चुकून सोडलं तुम्हाला."

"चुकून का होईना, सोडलं ना? मी नाही येणार."

"भीती वाटते का?"

"मला?" आजींनी हातातला भाताचा डाव आपटला. "चौतीस वर्षं गणित शिकवलंय मी. तुमचा तो सर्जन माझ्या वर्गात होता. तिसऱ्या बाकावर. दोन अपूर्णांकांची बेरीज दे, वरचे वर आणि खालचे खाली मिळवून मोकळा! ज्याला छेद समान करता येत नाही, त्याच्या हातून पोटाला छेद द्यायचा? आणि ओळखलंसुद्धा नाही गधड्याने मला."

गणितात मुलीचीही परिस्थिती फार वेगळी नव्हती. तिने गॅलरीत जाऊन सिस्टरांना फोन लावला आणि जसं होतं तसं सगळं सांगितलं. पलीकडून ऐकू आलं, "साहेबांना मीच सांगते. देवा रे."

साडेचारला गाडी थांबली. ज्यांच्या नुसत्या खाकरण्याने वॉर्ड सावरून बसे ते सर्जनसाहेब दारात उभे होते. चपला मात्र त्यांनी बाहेरच काढल्या.

"बाई, मी ओळखलं नाही. माफ करा."

"ते राहू दे. बस. दोन तृतीयांश अधिक तीन चतुर्थांश." आजींनी कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून पुढे सरकवलं.

"बाई, मी आजवर तीन हजार ऑपरेशनं..."

"उत्तर विचारलंय मी."

साहेबांनी पेन काढलं. कपाळावर घाम दिसू लागला. त्यांनी लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. मुलगी श्वास रोखून बघत होती. उद्याचं ऑपरेशन, सिस्टरांची अब्रू आणि आपले वीस गुण, सगळं त्या कागदावर येऊन ठेपलंय हे तिला कळत होतं.

"सतरा छेद बारा," साहेब अखेर म्हणाले.

"बरं. मग पुढे?"

साहेब कागद उलटसुलट करून बघू लागले. मुलीला राहवलं नाही. भिंतीकडे तोंड करून ती पुटपुटली, "एक पूर्णांक पाच छेद बारा."

"एक पूर्णांक पाच छेद बारा!" साहेब ओरडले.

"मला ऐकू येतं," आजी म्हणाल्या. "इतकी वर्षं झाली, पण शेजाऱ्याचं बघायची सवय गेली नाही तुझी." त्यांनी कागदावर बरोबरची खूण केली आणि अर्धा गुण कापला. "काठावर पास. चला, गाडी आणलीयस ना?"

गाडीत बसल्यावर त्यांनी मुलीचा हात धरला तो रुग्णालय येईपर्यंत सोडला नाही. मुलीने ते कुणालाच सांगितलं नाही.

सोनोग्राफी संध्याकाळी झाली, ऑपरेशन सकाळी. निर्विघ्न पार पडलं. प्रश्न उरला तो कागदोपत्री. दाखल झालेला रुग्ण जवळजवळ पाच तास होता कुठे? व्यवस्थापकांनी एक रात्र विचार करून नोंद केली : 'शस्त्रक्रियेपूर्वी मनोबलवृद्धीसाठी रुग्णास काही काळ स्वगृही पाठवण्यात आले. सोबत समुपदेशक देण्यात आले.'

"समुपदेशक कोण?" सिस्टरांनी विचारलं.

"ती एप्रनवाली."

वरिष्ठांना ती नोंद इतकी पसंत पडली, की आठवड्याभरात फलकावर 'मनोबल गृहभेट योजना' झळकली. नववीने पहिला अर्ज केला, सातवीने दुसरा. मावशी कुठलाही प्रश्न न विचारता अर्ज गोळा करत होत्या. मुलीचे चाळीस तास भरले, प्रशस्तिपत्र मिळालं, आणि त्यात 'समुपदेशनातील विशेष प्रावीण्य' वाचून आईने पुन्हा डोळे टिपले.

त्याआधी, ते पत्र घेऊन रुग्णालयातून निघताना जिन्यात सर्जनसाहेबांनी तिला गाठलं. आजूबाजूला कुणी नाही असं बघून त्यांनी एक चिठ्ठी तिच्या हातात सरकवली. चिठ्ठीवर पत्ता होता.

"एक काम करशील? आमची आई आहे. तिच्याही पित्ताशयात खडे आहेत. चार वर्षं टाळतेय."

"पण डॉक्टर, तुम्हीच समजवा ना त्यांना."

साहेबांनी कोटाचं बटण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"समजावलं. ती म्हणते, आधी एखाद्या खऱ्या डॉक्टरला दाखव."