पिसाचा मनोरा न ढकलणारा माणूस

जगात खऱ्या अर्थानं थोर म्हणावेत असे गुप्तहेर तीनच. त्यातल्या बाकीच्या दोघांची नावं मला आत्ता आठवत नाहीत. तिसरा मी, कुमार, मूळचा नागपूरचा. सध्या मुक्काम अमेरिकेत, शॉमबर्गला, मुलीच्या बेसमेंटमध्ये, वॉशिंग मशीनशेजारी. थोर बुद्धीला एकांत लागतो, आणि वरची खोली मुलीला ऑफिससाठी लागते.

रविवारी सकाळी शेजारचा विनय लॅपटॉप घेऊन जिना उतरला.

"काका, माझ्यावर कोणीतरी पाळत ठेवतंय यार."

काकांना यार म्हणणारा माणूस घाबरलेला असतो, हा माझा पहिला निष्कर्ष. त्या दिवशी बरोबर निघालेला तेवढाच.

प्रकरण असं होतं. ऑफिसात 'घरून काम करतो' म्हणून सांगून हा गृहस्थ आईला, म्हणजे लतिकाताईंना, घेऊन इटलीला गेला. तेही ऐन जुलैत, अख्खी अमेरिका तिथं गेलेली असताना. फ्लॉरेन्स, सिएना, पिसा. मागचं दृश्य धूसर करून चर्चच्या पायऱ्यांवरून मीटिंगा केल्या. आणि काल फोटो बघताना दिसलं, तिन्ही गावांत मागे तोच एक म्हातारा, निळ्या टोपीतला.

"कंपनीनं पाठवला असेल तर नोकरी गेली," विनय म्हणाला. "नोकरी गेली की व्हिसा गेला. मग बॅग भरा आणि चला."

मी भिंग काढलं. फोटो झूम होतो, हे विनयनं सांगितलं. मी भिंग ठेवलं.

आधी मला इटलीतली गुन्हेगारी टोळी दिसली. पण म्हाताऱ्याच्या पायात मोज्यांवर सँडल होते. टोळीची काही इभ्रत असते. मग असं दिसलं की त्याची नजर सतत लतिकाताईंवर आहे.

"आईवर?" विनय म्हणाला.

"हृदयाला वय नसतं."

"काका, पुढं चला."

पुढं पिसा होतं. कलत्या मनोऱ्यासमोर शेकडो माणसं हवेत हात धरून उभी, मनोरा ढकलल्याचा फोटो काढत. फक्त हा ढकलत नव्हता.

"जो मनोरा ढकलत नाही, तो पर्यटक नाही," मी म्हणालो. "आणि मूठ तोंडाशी बघ. बाहीत माइक आहे. माणूस कंपनीचाच. आता एकच मार्ग, त्यांनी विचारायच्या आत आपणच कबूल करायचं, इटलीतून काम केलं म्हणून."

मी मजकूर सांगितला, तिन्ही गावांच्या नावांसकट, विनयनं टाइप केला आणि मॅनेजर नीनाला धाडला. तेवढ्यात लतिकाताई पोह्यांची डिश घेऊन आल्या आणि स्क्रीनकडे बघून थबकल्या.

"अगंबाई, हे तर ओहायोचे आजोबा."

"कोण?" आम्ही दोघं.

"अरे, गर्दीत आपण चुकू नये म्हणून मी छत्रीला ओटीतला पोपटी ब्लाउजपीस बांधला होता ना? शिवून कोण घालणार होतं तो. त्यांच्या टूरच्या गाइडकडे पोपटी झेंडा होता म्हणे. लागले माझ्या मागे."

"तीन गावं? तू सांगितलं नाहीस त्यांना?"

"सांगितलं ना, दुसऱ्या दिवशी. पण तोवर त्यांना चिवडा आवडला होता. बघ, खातायत." लतिकाताईंनी माझ्या माइकवर बोट ठेवलं. "आणि मी प्रत्येक देवळापुढं माहिती सांगायचे, ती नीट ऐकायचे."

"मराठीत?"

"मराठीतच. तुला समजतं, तू कधी ऐकलंस?"

विनयनं माझ्याकडे पाहिलं. मी पोह्यांकडे पाहिलं. पाठवलेला मेल परत येत नाही, हे त्यानं दोनदा करून बघितलं होतं. आई समोर उभी, तिला यातलं काही ठाऊक नाही.

लॅपटॉप वाजला. नीनाचं उत्तर होतं. विनयला वाचवेना, म्हणून मी वाचलं. मराठीत सांगायचं तर असं:

"कळलं. या आठवड्यात मीही घरूनच काम करते आहे, सिएनाहून. मोठ्या चौकाच्या आसपास बाथरूम कुठं आहे, तेवढं लगेच कळव."