बुडापेस्टचा तिसरा बाक

नेवरेकर काका रोज दुपारी चार वाजता परदेशात जायला निघतात आणि निघताना बूट घालतात. घरातल्या घरात. मोजे चढवतात, नाड्या बांधतात आणि मग खुर्ची ओढून कॉम्प्युटरसमोर बसतात.

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी दारातूनच परत फिरत होते. "काका, बाहेर निघालात का? मग नंतर येते."

"निघालोय, पण तू ये. पोचायला वेळ नाही लागणार," ते म्हणाले आणि माउसवर एक टिचकी मारून पडद्यावरच्या नकाशातून प्रागच्या एका गल्लीत शिरले. "चपलेत अंतराचा अंदाज येत नाही गं. बूट हवेत."

जुईनगरला आम्ही एकाच मजल्यावर समोरासमोर राहतो. काका नगररचनेच्या कचेरीत ड्राफ्ट्समन होते. नवी मुंबई उभी राहत होती तेव्हा इथले कितीतरी रस्ते, गटारं आणि फुटपाथ त्यांनी आधी कागदावर आखले. त्यातलं प्रत्यक्षात काय कसं उतरलं, हा विषय त्यांच्यासमोर काढायची सोय नाही. "आखलं होतं बरोबर. बांधणाऱ्याचा अभ्यास कच्चा," एवढंच म्हणतात. 'अभ्यास कच्चा' हा त्यांचा ठेवणीतला शेरा. सोसायटीचा सेक्रेटरी, भाजीवाला, मी, आमच्यापैकी कुणीही अजून पास झालेलं नाही.

रिटायर झाल्यावर हातातली पट्टी-पेन्सिल गेली आणि माउस आला. आता आमच्या इमारतीत कुणाचं परदेशी जायचं ठरलं की तिकिटाच्या आधी काकांचं दार वाजतं. कुठल्या साइटवर काय बघायचं, हे त्यांना तोंडपाठ. हॉटेलांचे रिव्ह्यू वाचायची त्यांची रीत वेगळी आहे. "पाच तारे देणारे मालकाचे नातेवाईक. एक तारा देणारे घरून भांडून आलेले. खरं बोलतात ते तीन तारेवाले. तेवढेच वाचायचे." परक्या भाषेतला रिव्ह्यू असला की ते मशीनकडून त्याचं मराठी करून घेतात. एकदा 'माझी सासू जिन्यात आनंदी नव्हती' असं वाक्य निघालं. आम्ही पोट धरून हसलो. काका हसले नाहीत. "म्हणजे लिफ्ट नाही," असं म्हणून त्यांनी त्या हॉटेलवर काट मारली.

हॉटेलवाल्यांना ते मेलही लिहितात. सुरुवात 'आदरणीय महोदय' आणि मग थेट मुद्दा. दाराशी पायऱ्या किती? एकेका पायरीची उंची किती? कठडा डावीकडे की उजवीकडे? बहुतेक महोदय गप्प बसतात. पण प्रागच्या एका बाईने पायरीला टेप लावून फोटो पाठवला. काकांनी तो छापून आणला आणि कपाटाच्या दारावर चिकटवला. अगदी देवाशेजारी नाही, पण देवापासून फार लांबही नाही.

तळमजल्यावरचे रामदास पाटील इथलेच, जुन्या गावातले. ते कुटुंबाला घेऊन सिंगापूरला निघाले, तेव्हा स्टेशनापासून हॉटेल सातशे मीटर आहे असं काकांनी शोधून काढलं. मग जुईनगर स्टेशनापासून तेवढंच अंतर मोजलं आणि भर उन्हात पाटलांना भरलेल्या बॅगांसकट पुलावर चढवलं. ही रंगीत तालीम.

पाटील घामाघूम झाले. "काका, आपन फिराला चाललोय का हमालीला?"

"कळलं ना आता, बॅग जड आहे ते? एक कमी करा."

पाटलांनी दोन कमी केल्या. परत आल्यावर पेढे घेऊन काकांकडे गेले. "तुमी सांगितलं तसंच हाय सगलं. येक पायरी इकडची तिकडं नाय!"

काकांच्या प्लॅनमध्ये खोड एकच. त्यात बाक फार. 'इथे बाक आहे. पाठ टेकता येते.' दर अडीचशे पावलांवर एक. आणि फुटपाथ जिथे संपतो तिथे प्रत्येक ठिकाणी लाल अक्षरात 'हळू'. वरच्या मजल्यावरच्या नव्या जोडप्याच्या हनिमूनच्या प्लॅनमध्ये एकोणीस बाक निघाले. "वय झालं काकांचं," आम्ही म्हणायचो. त्यात मी सगळ्यांच्या पुढे. मला एकूणच बोलायची घाई असते.

गेल्या वर्षी मी आणि माझा नवरा बुडापेस्टला जायचं ठरवत होतो. म्हणून मी एक दिवस बरोबर चारला काकांकडे गेले. काका बूट घालून डॅन्यूब नदीच्या दिशेने चालले होते. शेजारच्या खुर्चीत शैलाकाकू बसल्या होत्या. नीट विंचरलेले केस, चांगली साडी, मांडीवर आडवी काठी आणि पायात कॅनव्हासचे बूट. त्याही निघालेल्या होत्या. हे मात्र मी पूर्वी कधी बघितलं नव्हतं. काकूंची खुर्ची दारातून दिसत नाही आणि मी दारातूनच बोलून पळते.

काका एकेक टिचकी मारत होते. दोन्हीकडे बघत, न बोलता. एका कोपऱ्यावर ते थांबले. पडद्यावर काहीच हलेना. मिनिट झालं.

"काय झालं काका, नेट गेलं का?"

"नाही," काका म्हणाले. "ही बसलीये."

काकू गालात हसल्या. मी बघितलं, पडद्यावर डावीकडे एक हिरवा बाक होता. दोन मिनिटं झाली तसे काकांनी विचारलं, "निघायचं?" काकूंनी मान हलवली आणि दोघं पुढे निघाले.

काकू वाशीच्या एका शाळेत भूगोल शिकवायच्या. त्यांचं एकच मागणं. "तीस वर्षं पोरांकडून निळ्या पेन्सिलीने डॅन्यूब काढून घेतली. एकदा तिचा खरा रंग बघायचाय गं, बाकी काही नको."

"मग जात का नाही?"

"अभ्यास कच्चा आहे अजून," काका म्हणाले. "हॉटेलपासून नदीपर्यंत चार बाक. तिसऱ्याचा फोटो जुना आहे. तू जाशील तेव्हा त्या बाकावर बसून ये. हलतो का बघ."

काका चहा टाकायला आत गेले, तेव्हा काकूंनी मला सगळं सांगितलं. नऊ वर्षांपूर्वी दोघांचे पासपोर्ट आले होते. प्रवासाची बॅग घ्यायला दोघं वाशीला गेले. येताना समोर बस लागलेली दिसली, तसे काका "चल गं लवकर" म्हणत पुढे धावले आणि बसमध्ये चढले. वळून बघतात तर काकू फुटपाथवरून खाली पडलेल्या. खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून काठी आली. अडीचशे पावलं झाली की बसावं लागतं.

"त्या दिवसाबद्दल एक शब्द बोलले नाहीत कधी," काकू म्हणाल्या. "नुसते बाक मोजत असतात. पासपोर्टची मुदत आता संपेल. तो नवा मिळतो गं, पण मी सत्तरीची झाले. हे पाय अजून किती वर्षं साथ देणार?"

मला एकोणीस बाक आठवले आणि स्वतःची लाज वाटली. काकांनी सबंध इमारतीला काकूंच्या पावलांनी जग दाखवलं होतं आणि आम्ही त्यांचं वय मोजत बसलो होतो.

बुडापेस्टला पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी मी नवऱ्याला घेऊन त्या रस्त्याने निघाले. पहिला बाक होता. दुसराही होता. तिसऱ्याच्या जागी जमिनीत चार बोल्ट होते. बाक नव्हता.

खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं. पुढच्या बाकावर बसून 'हाच तिसरा' म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं? पण काकांना कळलं असतं. त्यांना मागच्या दुकानाची पाटीसुद्धा पाठ होती. तिथे साडेबारा वाजले होते, म्हणजे जुईनगरला चार. मी व्हिडिओ कॉल लावला. दोघंही बूट घालून बसलेलेच होते.

मी फोन जमिनीकडे वळवला. काका चार बोल्टांकडे बघत राहिले.

"म्हटलं नव्हतं? अभ्यास कच्चा," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. "या वर्षी राहू दे. दुसरा रस्ता शोधतो."

"रंग कसा आहे गं नदीचा?" काकूंनी मधेच विचारलं.

मी धावत जाऊन फोन नदीकडे धरला. "काकू, खरं सांगू? आपल्या वाशीच्या खाडीसारखा."

काकू मोठ्याने हसल्या. "म्हणजे तीस वर्षं पोरांना चुकीचं शिकवलं मी! आता तर मला यायलाच पाहिजे." मग त्या काकांकडे वळल्या. "अहो, बाक नसला तर नसला. तुमच्या खांद्याला धरून दोन मिनिटं उभी राहीन."

काकांनी चष्मा काढला.

"आणि मी पुढे निघून गेलो तर?"

नऊ वर्षांनी तो प्रश्न तोंडातून बाहेर पडला होता आणि मी परक्या रस्त्यावर फोन धरून उभी होते. आपण हे ऐकायला नको होतं, असं वाटलं.

"नाही जात तुम्ही आता पुढे," काकू म्हणाल्या. "रोज बघते ना मी. टिचकीसुद्धा मला विचारून मारता."

आम्ही परत आलो तेव्हा काकांनी घडीचं स्टूल आणलेलं होतं आणि त्याची चाचणी चालू होती. सगळ्यात वजनदार माणूस म्हणून पाटलांना दिवसातून तीनदा बसवलं जात होतं. "काका, मी मोडलो तरी चालंल, पन स्टूल मोडाला नको," पाटील म्हणायचे आणि मुकाट्याने बसायचे.

नवे पासपोर्ट आले आणि या मे महिन्यात ते दोघं निघाले. आतला रस्ता पाइपांसाठी खणलेला, त्यामुळे टॅक्सी गेटबाहेर उभी होती. आमच्या विंगपासून गेट म्हणजे काकूंची तीनशे दहा पावलं. काकांनी ती अर्थातच मोजलेली होती. बॅगा पाटलांनी आणि माझ्या नवऱ्याने नेल्या. काकांच्या एका हातात काकूंचा हात, दुसऱ्या हातात स्टूल. दोघांच्या पायात तेच बूट, पण या वेळी खरोखर बाहेर निघालेले.

अडीचशे पावलांवर, सोसायटीच्या जिमखान्याच्या भिंतीपाशी काकांनी स्टूल उघडलं आणि काकू बसल्या. काका त्यांच्या शेजारी उभे राहिले, एक पाऊलही पुढे नाही.

टॅक्सीवाल्याने हॉर्न वाजवला. मग परत वाजवला. "ओ काका, चला ना लवकर, ट्राफिक लागेल!"

'लवकर' या शब्दाने काका दचकलेले मी पाहिले. पण ते जागचे हलले नाहीत.

"थांब रे," ते शांतपणे म्हणाले. "ही बसलीये."

टॅक्सीवाल्याने एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि गाडी बंद केली.